तापीचा उतार

गेल्या पौषात कोकणातून माझा एक मित्र जळगावला आला होता. आम्ही दोघे एम. ए.ला एका वर्गात होतो. तो आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, मी येथे. विद्यापीठातले चर्चासत्र आटोपल्यावर एक दिवस हाताशी उरला. पाहुण्याला काय दाखवावे, हा खानदेशी यजमानापुढचा नेहमीचा प्रश्न. पाटणादेवी, उनपदेव, अजिंठा ही नावे घेऊन झाली. त्यावर तो म्हणाला, "मला तुमची तापी दाखव. आणि जमले तर नावेतून दाखव."

मला हसू आले. केळी, कापूस, वांग्याचे भरीत आणि वैशाखातले ऊन ही आमच्या प्रदेशाची ओळख. नाव ही नव्हे. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला मात्र पाणी म्हटले की तर आठवते. त्याच्या लहानपणी दाभोळहून पलीकडे जायला लहान होड्या होत्या. २००३ पासून तेथे मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आली. साधन बदलले, पण 'तर' हा शब्द त्याच्या तोंडून गेलेला नाही. मला मात्र तापी आठवते ती पुलाच्या कठड्यामागून धावताना दिसणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ, वरणगाव करीत आम्ही मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवला पोहोचलो. येथे पूर्णा तापीला मिळते. संगमाच्या काठावर चांगदेवाचे जुने दगडी मंदिर आहे. ते आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. शिखर उरलेले नाही; विस्तीर्ण जोते आणि जाड भिंती यांमुळे ते जमिनीला घट्ट धरून बसल्यासारखे वाटते. खाली पाण्यावर मासेमारीच्या होड्या होत्या. त्यांतला एक वृद्ध भोई आम्हांला संगमापर्यंत फिरवून आणायला तयार झाला.

पाणी स्थिर होते. दूरवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्यांचे थवे तरंगत होते. आपल्याकडे या पक्ष्याला चांदवा म्हणतात, आणि वारकरी असेही म्हणतात. मुक्ताबाईच्या गावाशेजारी हिवाळ्यात वारकरी उतरतात, याचे मित्राला फार कौतुक वाटले. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "किती सुंदर नदी आहे तुमची!" नावाडी बराच वेळ गप्प होता. मग वल्हे न थांबवता म्हणाला, "पह्यले अठी नदी होती, सर. आता नुसतं पानी आहे."

या एका वाक्याने आमच्या सहलीचा रोख बदलला. मित्राने मला सरळ विचारले, "या नदीवर पूर्वी उतार होते, नावा होत्या, म्हणजे माणसे येत-जात होती. मग तुमच्या साहित्यात ती नाव कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले, आणि अर्थातच अपुरे, उत्तर आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. संस्कृतातील 'तॄ' या धातूचा मूळ अर्थ पार जाणे, ओलांडणे असा आहे. 'तीर्थ' हा शब्द त्याच धातूपासून आला. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा, उतार. पावित्र्याचा अर्थ त्यावर नंतर चढला. ज्या जागी पाणी उथळ, काठ सुलभ, तेथे माणसे जमत. जेथे माणसे जमत तेथे देव येई, बाजार येई, पुराणकथा येई. मराठीतील तरणे, तारणे, उतरणे, तारू, उतार ही सारी याच घराण्यातली मंडळी. 'उतारू' हा शब्द आपण आज आगगाडीच्या प्रवाशाला लावतो; त्याच्याही मुळाशी पार उतरणारा माणूस असावा असे मला वाटते. एवढेच नव्हे तर आपण शिक्षक दरवर्षी विद्यार्थ्यांना 'उत्तीर्ण' ठरवतो, तेव्हाही त्यांना एका नदीपलीकडे पोहोचल्याचा दाखला देत असतो. धुळ्यात आयुष्याची अखेर काढलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी धातूंचा जो अफाट व्यासंग केला, त्यामागची श्रद्धा हीच होती की, कागदपत्रे जेथे मुकी होतात तेथे शब्द साक्ष देतात. तापीच्या नावेबाबत आपल्याला त्याच वाटेने जावे लागते.

कागदपत्रे अगदीच मुकी आहेत असे नाही. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करीत सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी ही पश्चिमवाहिनी नदी. तिच्या खोऱ्यातून सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगलकाळातला मोठा व्यापारी मार्ग जात होता. सतराव्या शतकात इंग्रज वकील सर टॉमस रो आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यांनी सुरतेहून बुऱ्हाणपूर गाठले. हा मार्ग नदीच्या सोबतीने जाणारा. उलट माळव्यातून दख्खनेत उतरणाऱ्या सैन्यांना आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांना ती आडवी ओलांडावी लागे. म्हणूनच उताराच्या जागांना राजकीय महत्त्व आले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातले थाळनेर हे त्याचे ठळक उदाहरण. फारुकी सुलतानांच्या प्रारंभीच्या काळात हे त्यांचे मुख्य ठाणे होते. त्यांच्या कबरी आजही तेथे आहेत. १८१७च्या डिसेंबरात महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला, पुढच्या महिन्यातल्या मंदसोरच्या तहाने खानदेशातला होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉप याची फौज तापीकाठच्या थाळनेरपुढे येऊन उभी राहिली. किल्ला पडला आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले.

इंग्रजी अंमलात नाव ही मोजण्याची आणि लिलावात काढण्याची वस्तू झाली. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींसाठी स्वतंत्र कायदा झाला. सार्वजनिक तर कोणती, तिचे दर कोणी ठरवायचे, ठेका कसा द्यायचा, हे सारे त्यात आले. आधीच्या गावगाड्यात नावाड्याचा मोबदला सुगीच्या दाण्यांत चुकता होई, असे आमच्या भोयाने वडिलांच्या आठवणीने सांगितले. "गाववाल्याकडून पैसे घेत नव्हते. सुगीले जाऊन दाने आनायचे." म्हणजे ओलांडणे हा व्यवहार नव्हता, नाते होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. बलुत्याच्या नात्यातही चढउतार होते, आणि नावेत कोणी कोठे बसावे हे जात ठरवीत असे. तरीही ठेकेदारीच्या दप्तरात जी नाव येते ती फक्त जमेची बाजू म्हणून येते, नावाडी त्यात दिसत नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

त्यानंतरचा इतिहास पुलांचा आहे. १८७० साली मुंबई–अलाहाबाद लोहमार्ग पूर्ण झाला. भुसावळजवळ आगगाडी तापीवरून धावू लागली. मुंबई–आग्रा रस्ता शिरपूरजवळ सावळदे येथे नदी ओलांडतो, तेथे पूल झाला. विसाव्या शतकात एकेका रस्त्यावर पूल होत गेले आणि एकेक नाव काठावर पालथी पडत गेली. कोणत्याही गावाने पूल नाकारल्याचे उदाहरण नाही, आणि नाकारू नये. नावेचा इतिहास लिहिताना पुलाला खलनायक करणे हा शहरी हळवेपणा होईल.

तो हळवेपणा माझ्या वाट्याला येऊ नये, असे कारण माझ्या घरातच आहे. माझी आजी यावल तालुक्यातली, तापीच्या उत्तरेची. तिला दिले ते दक्षिणेला, भुसावळ तालुक्यात. माहेर आणि सासर यांत अंतर थोडे, पण मध्ये नदी. एका श्रावणात तिची आई आजारी पडल्याचा निरोप आला. नदी दुथडी भरलेली, नाव बंद. आजी काठापर्यंत गेली आणि परत आली. असे तिने तीन दिवस केले. चौथ्या दिवशी पाणी ओसरले, नाव सुटली. पण तोवर पल्याडचे सगळे आटोपले होते. आजी ही हकीकत रडत सांगत नसे. ती फक्त एवढे म्हणे की त्या तीन दिवसांत पलीकडच्या काठावरची माणसे दिसत होती, बोलणे ऐकू येत नव्हते. नदीला ती 'तापी माय' म्हणे आणि त्या श्रावणाबद्दल तिने मायेला शेवटपर्यंत क्षमा केली नाही.

खानदेशात सासुरवाशिणींचा मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. इतरत्र माहेरपणाच्या सणांचा भर नागपंचमीपासूनच्या पावसाळी दिवसांवर दिसतो. आमच्याकडे तो भर वैशाखावर आहे. शेतीची कामे तेव्हा उरकलेली असतात, हे त्याचे उघड कारण. पण वैशाखात नद्या आटलेल्या असतात, उतार मोकळे असतात, बैलगाडी सरळ पात्रातून जाते, हेही एक कारण असावे असे आजीच्या हकीकतीवरून मला वाटते. हे माझे अनुमान आहे. त्याला पुरावा म्हणून मी फक्त नदीचे वेळापत्रक पुढे करू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नकाशावर तापी ही खानदेशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणारी रेघ दिसते. ती खरोखरच सीमा असती तर तिने भाषा तोडली असती. तसे झालेले नाही. खानदेशातील बोलींची विभागणी पाहावी. पश्चिमेकडे धुळे जिल्हा आणि अमळनेर, चोपडा, पारोळा, चाळीसगाव या भागात अहिराणी. पूर्वेकडे रावेर, यावल, भुसावळ, जामनेर या पट्ट्यात लेवा आणि तावडी बोली. ही विभागणी पूर्व-पश्चिम आहे. नदी मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. म्हणजे बोलीची सीमा नदीच्या काठाने जात नाही, ती नदीला आडवी छेदून जाते. उत्तरेचे चोपडे आणि दक्षिणेचे अमळनेर एका बोलीत बोलतात. उत्तरेचे शिरपूर आणि दक्षिणेचे शिंदखेडेही तसेच. उत्तरेचे यावल आणि दक्षिणेचे भुसावळ यांची बोली एक. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला १९०७ सालच्या खंडात भिल्ली भाषांशेजारी जागा मिळाली आणि ती मराठीची बोली की गुजरातीची, या वादात आपण पुढची अनेक दशके घालवली. पण या बोली दोन्ही काठांवर सारख्या का राहिल्या, हा साधा प्रश्न आपण क्वचितच विचारला.

बोली सारखी राहते ती रोजच्या बोलण्याने, बाजाराने, आणि सर्वांत अधिक म्हणजे सोयरिकीने. आईची बोली मुलाला मिळते, आणि आई पलीकडच्या काठावरून आलेली असते. भालचंद्र नेमाड्यांचे सांगवी यावल तालुक्यात, तापीच्या उत्तरेला. बहिणाबाई चौधरींचे आसोदे जळगावजवळ, दक्षिणेला. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली. एकाच्या मागे ओवीची परंपरा, दुसऱ्याच्या मागे आधुनिक कादंबरीची. पण दोन्ही साहित्यांच्या तळाशी जी घरगुती बोली आहे ती एका कुळातली आहे. ती नदीपार कशी गेली? पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी नवऱ्या मुलीला, वऱ्हाडाला, बैलांना आणि धान्याच्या पोत्यांना पार उतरवीत होते म्हणून. मित्राच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच: तापीची नाव आमच्या साहित्यात विषय म्हणून फारशी नसेल, पण ज्या भाषेत ते साहित्य लिहिले गेले ती भाषा नावेतून आली आहे.

संतपरंपरेत नाव आहेच. पण ती भवनदीची. रूपक झाले की लाकडाचा वास निघून जातो. या संगमावर हे विशेष जाणवते. चांगदेवाच्या नावाने हे स्थान ओळखले जाते. त्याची समाधी मात्र गोदाकाठी पुणतांब्याला आहे. खानदेशाला आणखीही एक चांगदेव ठाऊक आहे: भास्कराचार्यांचा नातू, यादव सिंघणाच्या पदरीचा ज्योतिषी, ज्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो शिलालेख प्रसिद्ध आहे. योगी चांगदेवाची कथा आपण सर्वजण वर्गात सांगतो. चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहू पाहतो; मायना काय घालावा हे न सुचल्याने कोराच कागद पाठवतो. एवढी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे लहानगी मुक्ताबाई म्हणते. ज्ञानदेव पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहितात. पुढे याच मुक्ताबाईने, परंपरेनुसार शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, तापीकाठच्या मेहूणच्या परिसरात विजेच्या कडकडाटात देह ठेवला. महाशिवरात्रीला मुक्ताई आणि चांगदेव यांची यात्रा भरते. माघाच्या अखेरीस पाणी उतरलेले असे, दोन्ही काठांची माणसे येत. जी ओलांडण्याची जागा ती तीर्थाची जागा, हा शब्दार्थ येथे डोळ्यांनी पाहता येत असे.

'असे' हा भूतकाळ मुद्दाम वापरला. १९८२ साली भुसावळच्या वरच्या अंगाला हतनूर धरण पूर्ण झाले. त्याचे एक्केचाळीस दरवाजे पावसाळ्यात उघडल्याची बातमी आता दरवर्षी वर्तमानपत्रात येते. धरणाचा फुगवटा संगमापर्यंत पसरला. काठच्या काळ्या कसदार जमिनी, मळईतली टरबुजे, घाटाच्या पायऱ्या आणि उतार पाण्याखाली गेले. माणसांना वर सरकावे लागले. त्याच्या बदल्यात शहरांना, उद्योगांना आणि शेतांना पाणी मिळाले. मी जळगावात बसून त्या विकासाचा वाटेकरी आहे. येथे हिवाळी पक्षी येतात तेही या साठलेल्या पाण्यामुळेच. मित्र ज्याला सुंदर नदी म्हणत होता ते चाळीसेक वर्षांचे सरोवर होते. "आता नुसतं पानी आहे" या वाक्यात तक्रार थोडी आणि व्याख्या अधिक होती. नदीला तळ असतो, उतार असतो, ऋतू असतो. भोयाला तळ पायाने ठाऊक होता. तो तळ आता कोणालाच ठाऊक नाही, आणि त्याची गरजही उरलेली नाही.

नाव ही आता केवळ देखाव्याची वस्तू आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारच्या उत्तर टोकाला नर्मदा वाहते. तेथे सरदार सरोवराचा फुगवटा चढल्यावर अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील पाड्यांचे पायरस्ते बुडाले आणि होडी हीच वाट झाली. तेथे तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०२० साली करोनाच्या काळात एक अंगणवाडी कार्यकर्ती स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत आणि गर्भवतींपर्यंत पोषण आहार पोहोचवीत होती. म्हणजे एकाच प्रदेशात, धरणाच्याच परिणामाने, एका नदीवर नाव सहलीची झाली आणि दुसरीवर जगण्याची. पहिलीचे वर्णन करणारे आपण पुष्कळ आहोत. दुसरीतली माणसे पावरी आणि भिल्ली बोलतात, आणि त्यांच्या ओलांडण्याच्या नोंदी आपल्या मराठी विभागांपर्यंत अजून फारशा पोहोचलेल्या नाहीत. आजीच्या पिढीबाबत जे राहून गेले ते येथे पुन्हा राहू नये, यासाठी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने वही घेऊन त्या काठावर जावे, असे मनापासून वाटते.

ऊन कलले तसा नावाड्याने होडी वळवली. समोर उत्तरेचा काठ दिसत होता. त्यापलीकडे रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागा. मित्राने विचारले, "आबा, त्या काठाला सोडाल का?"

"सोडतो ना," तो म्हणाला. "पन तुमची गाडी तं अठी आहे."

खरेच होते. मोटार मंदिरापाशी उभी होती, आणि पल्याड आमचे कोणी वाट पाहत नव्हते. सहलीची नाव ज्या काठावरून निघते त्याच काठाला परत येते. आम्हीही आलो. मित्राने उतरताना काठाच्या चिखलात पाय टेकवला आणि सवयीने म्हणाला, "चला, उतरलो." मी काही बोललो नाही. आजीच्या भाषेत आम्ही अजून उतरलो नव्हतो.